दशरथच्या फायलीची चार सरकारं

२० जुलै

श्वेताने मला या वयात गृहपाठ लावला. नात नववीत, आजी चौथी पास, ती पण गावच्या शाळेत, जिथे मास्तर पेरणीला गेले की शाळा बंद. प्रकल्प असा की घरातल्या मोठ्या माणसाला आठवतात तेवढी राज्यातली मंत्रिमंडळं लिहून आणायची. कुठलं आलं, कुठलं गेलं, त्यात काय काय झालं. वीस मार्क आहेत. मी म्हटलं, मोबाइलवर नाही का मिळत? तर म्हणते, "आजी, मॅडमना मोबाइलमधलं नकोय. तुझ्या डोक्यातलं पाहिजे."

माझ्या डोक्यातलं आजवर कोणी मागितलं नव्हतं! एक जुनी कोरी डायरी दिली, वरचं साल पेनाने खोडून. रोज लिही म्हणाली, मग मी त्यातून निवडून घेईन.

शेजारची कमल डोकावली. "द्रौपदे, आत्मचरित्र का गं?"

म्हटलं, "सरकारचं चरित्र."

"मग ही वही नाय पुरायची," म्हणाली आणि माझ्याच डब्यातला चिवडा मूठभर घेऊन गेली. तिचं हे नेहमीचं.

घरात आम्ही तिघी. मी, माझी सून अनुपमा आणि श्वेता. दहिसरला नदीच्या बाजूची चाळ. अनू कांदिवलीला इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात बांगड्यांना खडे चिकटवते. त्या गोंदाने तिच्या बोटांची सालं निघतात. पण आता थोडेच दिवस. तिची सरकारी नोकरीची फाइल वर गेली आहे. ते सगळं सांगेन, आधी इतिहास.

२२ जुलै

मुख्यमंत्र्यांची नावं मला आठवतात पण पुढेमागे होतात. मी आपली घरावरून लावते.

गिरण्यांचा संप झाला तेव्हाचं एक सरकार. वर्ष फिरलं आणि मुख्यमंत्री बदलले, आमच्या ह्यांची गिरणी काही उघडली नाही. लालबागची खोली सोडून दहिसरला आलो ते पुढच्या कुठल्यातरी सरकारात. इथे तेव्हा संध्याकाळी बेडूक घरात यायचे. एकदा ह्यांच्या चपलेत निघाला, ते तसेच पाय घालून उभे राहिले आणि मलाच ओरडले. रुपयात झुणका-भाकर मिळायची ते सरकार सगळ्यांना आठवतं. मला आठवतं ते दशरथमुळे. माझा एकुलता एक. दहावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा इंग्रजीत गेला. त्या टपरीवर जेवून यायचा आणि मला सांगायचा, "आई, भाकरी बरी होती, पण तुझ्यावानी पापुद्रा सुटत नाय." म्हणजे मला बरं वाटावं म्हणून.

आणि ज्या सरकारात तो सरकारी गाडीवर ड्रायव्हर म्हणून कायम झाला ते सरकार माझ्या मते सगळ्यांत चांगलं. लोक त्या सरकारला काय काय बोलायचे. बोलू देत.

श्वेताने वाचलं. म्हणाली, "आजी, यात मंत्री कुठेत? सगळे बाबाच आहेत."

२३ जुलै

इथून पुढची सरकारं दशरथच्या फायलीवरून मोजायची.

तो गेला माघ महिन्यात, साडेपाच वर्षं झाली. ऑफिसच्या आवारात गाडी लावली, चावी काढली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं ते ठेवलंच. बेचाळीस वय. सरकारी माणूस नोकरीत गेला की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी देतात, अनुकंपा म्हणतात त्याला. अनू बारावी शिकलेली. पण अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो. आमचा अठरा दिवस उशिरा गेला.

आता त्यात आमची चूक नव्हती. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घरात कुठलं नवं काम काढायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्यापासून आहे. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून तिथी पुढे गेली. अनूने अर्जाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याचं वर्ष होऊ दे, मग काय ते कागद कर. ती म्हणाली बरं. वर्ष झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती रांगेत उभी होती. तिथला माणूस म्हणाला, तारखेने वर्ष कधीच उलटलं, आता उशीर माफ करायला मंत्र्यांची खास परवानगी लागेल. सरकारला अधिक महिना समजत नाही, याला आम्ही काय करणार?

पहिल्या सरकारच्या मंत्र्यांकडे फाइल पोचायला सव्वा वर्ष लागलं. पोचली आणि सरकार पडलं.

दुसरं सरकार आलं. त्यांनी आधीच्या सरकारने हातात घेतलेल्या सगळ्या फायलींना स्थगिती दिली, म्हणजे जिथे आहेत तिथे ठेवल्या. अनू महिन्यातून एकदा खाडा करून जायची. तिथल्या माधुरी मॅडम म्हणून एक कारकून बाई आहेत, चांगल्या आहेत, त्याच तेवढ्या पाच वर्षांत बदलल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "ताई, स्थगिती उठली की मीच फोन करते." स्थगिती उठली तेव्हा निवडणूक लागली.

तिसरं सरकार, म्हणजे आत्ताचं. आल्या आल्या दशरथचं खातं एका मंत्र्यांकडून काढून दुसऱ्यांकडे दिलं, त्यात फाइल सात महिने सापडत नव्हती. पण आता सापडली आहे! आणि नवे मंत्री आपल्या कोकणातले आहेत.

५ ऑगस्ट

अनू आज जाऊन आली. माधुरी मॅडम म्हणाल्या, हे साहेब फायली स्वतः वाचतात. मी देवाला साखर ठेवली.

अनूने येऊन चहा घेतला नाही. म्हणाली, "आई, बारा ऑक्टोबरला मला पंचेचाळीस पूर्ण होतात."

मी म्हटलं, "होऊ देत की. दिसतेस का तू?"

"पंचेचाळीस झाले की नाव यादीतून काढतात. नियम आहे."

हा नियम ती मला पाच वर्षांत बोलली नव्हती. श्वेताने लगेच कॅलेंडरवर बारा तारखेला लाल गोल केला. अनूने तिच्या हातातून पेन काढून घेतलं. मी म्हटलं, अगो अजून दोन महिने आहेत, साहेब आपल्याकडचे आहेत, मी घावणे करते. घावणे झकास झाले. श्वेताने पाच खाल्ले, अनूने अर्धा.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. यंदा गावी गेलो नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. फोन येईल म्हणून अनू इथून हलायला तयार नाही. गावाहून दिराचा फोन, "वहिनी, बाप्पाक पाठ दाखवलात?" मी म्हटलं, बाप्पाला माहीत आहे आमची फाइल कुठे आहे ते.

८ सप्टेंबर

आला फोन!! मंत्र्यांनी हो म्हटलं! अनू फोन कानाला लावून नुसती "हो मॅडम, हो मॅडम" करत होती आणि डोळ्यांतून पाणी. श्वेता माझ्या गळ्यात पडली, माझा चष्मा वाकला. कमल तिच्या घरून "काय गं, काय झालं" करत धावत आली.

एकच कागद कमी आहे. माझा. दशरथची आई म्हणून मी पण वारस, तर मी स्टॅम्प पेपरवर सही करून द्यायची की सुनेला नोकरी द्यायला माझी हरकत नाही. तो आला की मंत्र्यांची शेवटची सही आणि ऑर्डर. अनू तशीच पदर खोचून निघाली, म्हणाली चला आई, स्टेशनजवळ नोटरी बसतो, तासाभराचं काम.

मी कॅलेंडर बघितलं. आजपासून पितृपक्ष.

मी म्हटलं, "अनू, घट बसू देत. बावीसला बसतात. त्याच दिवशी सकाळी करू."

"आई, पंधरा दिवस?"

"पंधरा कुठे, चौदा. तुझी तारीख बारा ऑक्टोबर. मध्ये वीस दिवस राहतात."

"आई, सरकारी काम आहे. त्यात कसला पितृपक्ष?"

तिने मॅडमनी मोबाइलवर पाठवलेला मजकूर वाचून दाखवला. त्यात असं होतं की मयत दशरथ हा माझा मुलगा, त्याच्या जागी मिळणाऱ्या नोकरीवर माझा कोणताही हक्क नाही, पुढे कधी सांगणार नाही. मी म्हटलं, "वर्षातून हे पंधरा दिवस तो जेवायला येतो. त्याच पंधरवड्यात मी लिहून देऊ की माझा हक्क नाय म्हणून? तू आई आहेस ना गो? तू दिलं असतंस?"

तिने मोबाइल खाली ठेवला. मग पदर सोडला आणि म्हणाली, "बरं."

सून चांगली मिळाली आहे मला. कोणाची सून एवढं ऐकते आजकाल? श्वेता मात्र फुगली. "आजी, तेवढ्यात सरकार पडलं म्हणजे?"

मी म्हटलं, "सरकार काय कपाटावरचा डबा आहे पडायला?"

१४ सप्टेंबर

अष्टमी, दशरथची तिथी. पान वाढलं, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, गवारीची त्याला आवडायची नाही पण रीत आहे. गच्चीवर पान ठेवून तासभर उभी. कावळा नाही, नुसती कबुतरं. कमल म्हणाली, "आता दहिसरचे कावळे पण टॉवरात राहायला गेले." शेवटी एक आला. अनू कारखान्यात गेली होती. सुट्टी मागितली नाही म्हणाली, सुट्ट्या सगळ्या फायलीत गेल्या.

टीव्हीवर दाखवत होते, सत्तावीस आमदार बसमधून दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात गेले. एक जण खिडकीतून हात हलवत होता, सहलीला निघाल्यासारखा. श्वेताला म्हटलं, घे, तुझ्या प्रकल्पाला. तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

१७ सप्टेंबर

आमदार एकेचाळीस झाले. कमल आणि मी मालिका सोडून हेच बघतो. कमल म्हणाली, "एवढ्या जणांचं हॉटेल, टॉवेल पुरत असतील का गं?"

दुपारी माधुरी मॅडमचा फोन. अनूने स्पीकरवर घेतला, मला ऐकू यावं म्हणून असेल. "ताई, कागद आजच्या आज आणा. साहेब आज बसलेत, उद्याचं मी सांगू शकत नाही. कशासाठी थांबलाय तुम्ही?"

अनू म्हणाली, "घरात जरा अडचण आहे मॅडम."

मग ती स्टॅम्प पेपर घेऊन माझ्यासमोर बसली. खाली, लादीवर. म्हणाली, "आई, मी तुमच्या पाया पडते."

मी पाय मागे घेतले. म्हटलं, "असं करू नकोस गो. चारच दिवस राहिले अवसेला. इतके दिवस पाळलं आणि आता शेवटच्या चार दिवसांत मोडू? त्याचं काही वाईट झालं तर?"

"त्याचं आता काय वाईट व्हायचं राहिलंय, आई?"

असं बोलायला नको होतं तिने. मला रडू आलं. ते बघून ती उठली, पेपर कपाटात ठेवला आणि मला पाणी आणून दिलं. नंतर मोरीत बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

१९ सप्टेंबर

सरकार गेलं. साडेबाराला राजीनामा.

अनू कारखान्यातून आली तेव्हा तिला माहीत होतं. माधुरी मॅडमनी सांगितलं, आता हे काळजीवाहू. गाडीत फिरतील, झेंड्याला वंदन करतील, पण असली सही करत नाहीत. नवे येतील तेव्हा बघू.

या राजकारण्यांचं कधी भलं व्हायचं नाही. चार दिवस थांबायला काय झालं होतं मेल्यांना?

२२ सप्टेंबर

घट बसले. अंघोळ करून, नवी साडी नेसून सकाळीच नोटरीकडे गेले. अनूला सुट्टी नव्हती, श्वेता शाळा बुडवून आली. सही मी अंगठ्याने नाही, पेनाने केली. द्रौपदी पूर्ण, खाली रेघ. नोटरी म्हणाला, "आजी, अक्षर छान आहे." अनूने संध्याकाळी सहीकडे बघितलं. म्हणाली, "छान आलीय." उद्या जाऊन कागद देऊन येणार आहे.

नवं सरकार आठवड्यात येतंय म्हणतात. शुभ दिवसाचा कागद आहे, लागू पडेल.

३० सप्टेंबर

सरकार नाही. कोणाकडे किती, यावर अडलंय.

४ ऑक्टोबर

शपथविधी! चौथं मंत्रिमंडळ. मुख्यमंत्री आणि सहा जण. मी टीव्हीसमोर हात जोडून बसले. त्यातले दोघे मागच्या सरकारात होते, तेच कपडे, तोच टिळा. मी श्वेताला विचारलं, यातले आपले कोण? म्हणाली, "अजून कोणीच नाही. आधी शपथ, मग खातेवाटप. खातं मिळेपर्यंत ते नुसते मंत्री."

नुसते मंत्री म्हणजे काय ते मला समजेना. ती म्हणाली, "म्हणजे बाबांच्या ऑफिसला मंत्रीच नाहीये, आजी. सही कोण करणार?"

असं कसं चालतं? गाडी आहे आणि ड्रायव्हर नाही.

८ ऑक्टोबर

खातेवाटप नाही.

१० ऑक्टोबर

नाही. अनू आज सकाळपासून तिथे बसली होती. दोन मंत्र्यांना तेच खातं पाहिजे. तिथल्या दारावरची पाटी काढली आहे, चार भोकं तेवढी दिसतात, म्हणाली. मुख्यमंत्र्यांकडे अर्ज दिला. शिक्का मारून परत हातात दिला. माधुरी मॅडमनी तिला आपल्या डब्यातली पोळी खायला घातली.

कमलने विचारलं, "होणार ना गं काम?" मी अंगावर धावून गेले तिच्या. उगाच.

१२ ऑक्टोबर

अनू पंचेचाळीस झाली. रविवार, ऑफिस बंद. मी ओवाळलं. तिने ओवाळून घेतलं. गोड काय करू विचारलं तर म्हणाली, "काही नको, आई, बसा तुम्ही." मग खडे चिकटवायला घरी आणलेल्या बांगड्यांचं पोतं उघडून बसली.

श्वेताने कॅलेंडरचं पान दोन दिवस आधीच फाडून ठेवलं होतं. मी आज कॅलेंडर बघते तर नोव्हेंबर.

१५ ऑक्टोबर

खातेवाटप झालं. टीव्ही बंद केला.

२५ ऑक्टोबर

दिवाळी गेली. काही लिहावंसं वाटलं नाही. श्वेताला प्रकल्पात वीसपैकी अठरा. मॅडमनी वर्गात वाचून दाखवला म्हणे, आजीचं लिहिणं गोड आहे म्हणाल्या. मी पानं चाळून बघितली, तिने झुणका-भाकरीपर्यंतचंच घेतलंय. म्हटलं, "पुढची चार सरकारं?"

"ती नाही दिली, आजी."

"का गं?"

"वर्गात वाचतात ना," म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.

३ नोव्हेंबर

पत्र आलं. लांब खाकी पाकीट. अनूने दारातच फोडलं, उभ्या उभ्या वाचलं. मी म्हटलं, मोठ्याने वाच. ती वाचायला लागली. विषय, संदर्भ, अमुक अमुक, आणि मग, "अर्जदाराचे वय पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाल्याने त्यांचे नाव प्रतीक्षा यादीतून वगळण्यात येत आहे." मध्ये एकदा अडखळली आणि पुढच्या ओळीवर गेली. मला वाटलं गळा भरून आला असेल. पत्र घडी करून तिने कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

मी सरकारला शिव्या दिल्या. पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला, क्रमाने. तिने डबा भरला. कारखान्यात गेली.

४ नोव्हेंबर

घरात एकटी होते. पत्र काढलं. सरकारी मराठी, मला बोट ठेवून वाचावं लागतं. दोन वेळा वाचलं. मधली ओळ इथे उतरवते, चूक नको म्हणून बघून लिहिते आहे.

"सदर प्रस्तावास तत्कालीन मा. मंत्री महोदयांनी दिनांक ८ सप्टेंबर रोजी मान्यता दिली होती. तथापि मयत कर्मचाऱ्याच्या आईचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र दिनांक २३ सप्टेंबर रोजी, म्हणजे शासनाच्या राजीनाम्यानंतर प्राप्त झाल्याने आदेश निर्गमित करता आले नाहीत."

त्याच्या वर आणखी एक आहे. मूळ अर्ज अठरा दिवस विलंबाने प्राप्त.

मयत कर्मचाऱ्याच्या आईचे. ती मी. नाव सुद्धा लिहिलेलं नाही, आईचे एवढंच.

चार सरकारं आली आणि गेली, त्यांनी ठेवायची तशी ठेवली फाइल, ते खरंच. पण तिसऱ्याने तर हो म्हटलं होतं. आणि पहिल्या सरकारापर्यंत जायची पाळीच आली नसती, तो अर्ज अठरा दिवस आधी गेला असता तर. मंत्र्याची परवानगीच लागली नसती. ती नुसती ऑफिसात गेली असती आणि कामाला लागली असती. तेव्हा तिची बोटं चांगली होती. दोन्ही वेळा तिने मला विचारलं होतं. दोन्ही वेळा बरं म्हणाली होती.

पत्र होतं तसं घडी करून साड्यांच्या खाली ठेवलं.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, पीठ मळायला बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. सालं निघालेली बोटं पिठात. मी विचारलं, "अनू, त्या पत्रात आणखी काय लिहिलं होतं गो?"

तिने मान वर केली नाही. "काही नाही, आई. वय झालं, एवढंच."

मी म्हटलं, "होय, एवढंच तर होतं," आणि तिच्या हातातली परात माझ्याकडे ओढली. तिने ओढू दिली नाही.